कोनशिलेत नसलेलं नाव

(सांगली इथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं लेखी रूप, थोडी काटछाट करून)

लाइट गेलेली असतानाही जागा न सोडणाऱ्या सांगलीकरांनो,

आज साताऱ्याहून येताना हाताशी वेळ होता, म्हणून एक जुना छंद पुरा करत आलो. वाटेत सरकारी इमारत दिसली की गाडी बाजूला घ्यायची, पायऱ्या चढायच्या आणि दारालगतची कोनशिला वाचायची. हल्ली ती काळ्या ग्रॅनाइटची असते, अक्षरं सोनेरी. वर 'शुभहस्ते', त्याखाली 'अध्यक्ष', मग 'प्रमुख उपस्थिती', मग 'विशेष उपस्थिती', आणि उरल्यासुरल्या जागेत कार्यकारी अभियंता, उपअभियंता, शाखा अभियंता. तळाला ठेकेदार. ज्यानं ती इमारत आधी कागदावर उभी केली त्याचं नाव मात्र मी आजवर फार थोड्या दगडांवर वाचलं आहे.

ही तक्रार नव्हे. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी मला रेघ मारायला शिकवलं. पेन्सिल फिरवत फिरवत ओढायची, म्हणजे रेघ शेवटपर्यंत एकाच जाडीची राहते, हे त्यांनी शिकवलं. कोनशिलेचा विषय निघाला की ते नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवत. तिथे एक चौकट असते, आम्ही तिला टायटल ब्लॉक म्हणतो. तीन रकाने: काढलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर केलं कोणी. सर म्हणायचे, "तुझी कोनशिला ही. इथं सही करताना हात जरा थरथरला पाहिजे." मी एकतीस वर्षं सरकारी नोकरीत त्या चौकटीत सह्या केल्या. हात किती वेळा थरथरला, ते शेवटी सांगेन.

विषय दिलाय 'लोकसेवेतील वास्तुविशारदांची आचारसंहिता'. आधी नावाचा गोंधळ मिटवू. बाहेर आम्हाला आर्किटेक्ट म्हणतात, छापील मराठीत वास्तुविशारद, आणि आमच्या खात्यात पदाचं नाव 'वास्तुशास्त्रज्ञ': सहायक वास्तुशास्त्रज्ञ, मग वास्तुशास्त्रज्ञ, आणि सगळ्यांत वर मुंबईला मुख्य वास्तुशास्त्रज्ञ. या नावानं आमचे फार हाल केले. दारावरची पाटी वाचून लोक आत येत आणि हळूच विचारत, "साहेब, ईशान्येला संडास चालतो का?" एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं तर मला खास बोलावून आपल्या केबिनचं दार कुठल्या दिशेला काढावं हे विचारलं होतं. मी म्हटलं, "जिकडून लोकांना आत यायला सोपं पडेल तिकडे." त्यांनी दुसऱ्या शास्त्रज्ञाला विचारून दार हलवलं.

आता नियम. आमच्यासारख्या माणसावर दोन नियमपुस्तकं एकाच वेळी लागू असतात. एक नोकरीचं: महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979. दुसरं व्यवसायाचं. 1972 साली संसदेनं आर्किटेक्ट्स अॅक्ट केला, त्यातून वास्तुविशारदांची परिषद उभी राहिली, आणि त्या परिषदेनं 1989 मध्ये व्यावसायिक वर्तणुकीचे विनियम काढले. तोवर मी नोकरीत रुळलो होतो. त्या विनियमांची प्रत आमच्याकडे फोटोकॉपीची फोटोकॉपी होऊन पोचली, मधली काही कलमं काळ्या पट्ट्यात बुडालेली. सहकारी म्हणाले, हे बाहेर धंदा करणाऱ्यांसाठी आहे, आपल्याला काय त्याचं? ही समजूत पुढे कित्येक वर्षं मी बऱ्याच सरकारी आर्किटेक्टांच्या तोंडून ऐकली.

ती चुकीची आहे, आणि ते विनियमच सांगतात. फी आणि नेमणुकीच्या अटी अशिलाला आधी कळवाव्यात, या कलमाची सुरुवात 'खासगी व्यवसायात असल्यास' अशी आहे. कायदा लिहिणारा माणूस शब्द उगाच खर्चत नाही. एका कलमात ही अट घातली, याचा अर्थ जिथे ती घातलेली नाही ती कलमं नोंदणी असलेल्या प्रत्येकाला लागू, मग पगार कुठूनही येवो. आणि अगदी पहिलं कलम काय आहे? परिसराची गुणवत्ता आणि समाजाचं भावी कल्याण यांत भर घालणं ही आपली जबाबदारी, आणि आपलं काम तिच्या आड येता कामा नये. अशील, फी, करार हे सगळं त्यानंतर येतं. हे मोडलं तर कायद्याच्या तिसाव्या कलमाखाली चौकशी होते, आणि परिषद नोंदवहीतून नाव काढूही शकते.

या कायद्याला एक मोठं खिंडार आहे, तेही सांगायला हवं. तो 'आर्किटेक्ट' हे नाव राखतो, काम राखत नाही. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोएडाच्या एका प्रकरणात हे साफ केलं. तिथे 'असोसिएट आर्किटेक्ट' असं नाव असलेल्या सरकारी पदावर वास्तुकलेची पदवी नसलेल्यांना बढती द्यावी का, असा वाद होता. न्यायालय म्हणालं: इमारतीचा नकाशा काढायला कायद्याची बंदी नाही, पण नोंदणी नसलेल्यानं 'आर्किटेक्ट' हे नाव लावायचं नाही. सरकारी पद असलं तरी नाही. हवं तर पदाचं नाव बदला. म्हणजे पाटी बदलली की प्रश्न मिटला. आपल्या सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सार्वजनिक इमारतींची संख्या किती आणि त्यांवर आर्किटेक्टची नजर किती पडते, याचा अंदाज तुम्हाला आहेच. बहुतेक नकाशे अभियंते आणि आरेखकच काढतात, आणि त्यांतले कित्येक माझ्याहून चांगले काढतात. आचारसंहिता मात्र ज्याच्याकडे नोंदणी आहे त्याच्याच मागे लागते.

माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आता येतो. खासगी आर्किटेक्टला अशील असतो. तो समोर बसतो, चहा घेतो, भांडतो, 'स्वयंपाकघर लहान वाटतंय' म्हणतो. सरकारी आर्किटेक्टसमोर कोण बसतं? प्रस्ताव पाठवणारं खातं, पैसे देणारं खातं, तांत्रिक मान्यता देणारा अधिकारी. इमारत वापरणारा माणूस त्या टेबलाशी कधीच नसतो. नोकरीचे नियम आम्हाला वर बघायला शिकवतात, व्यवसायाचे नियम समोर बघायला. वापरणारा मात्र खाली असतो, जिन्याच्या पहिल्या पायरीशी, आणि तिकडे बघायला सांगणारं एवढं ते पहिलं कलम आहे.

सातारकरांना हे सांगताना मी जुन्या राजवाड्याचं नाव घेतो. तो वाडा छत्रपतींसाठी बांधला. पुढे त्यात शाळा भरू लागली, आणि 7 नोव्हेंबर 1900 रोजी रामजी सुभेदारांच्या मुलाचं, भीमरावाचं नाव त्या शाळेच्या पटावर लागलं. बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही हा अशील नसणार. सार्वजनिक इमारतीचा खरा अशील असाच असतो, पन्नास-शंभर वर्षांनी येणारा.

आता नकाशाकडे वळू. आमच्या खात्यांत 'टाइप प्लॅन' नावाची चीज आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळाखोल्या, कर्मचारी निवासस्थान, तलाठी कार्यालय, सगळ्यांचे ठरीव नकाशे. एकदा काढायचे, राज्यभर वापरायचे. कल्पना वाईट नाही. अंदाजपत्रक तयार असतं, दरसूचीप्रमाणे आकडे भरले की प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, आणि 31 मार्चच्या आत निधी खर्ची. फेब्रुवारीत कार्यालयात बसून बघा, टाइप प्लॅन नसता तर निम्मी कामं झालीच नसती. विनियमांच्या दुसऱ्याच कलमात देशाच्या आर्थिक विकासासाठी आपलं कौशल्य वापरा म्हटलंय, त्याचा दाखलाही देता येतो.

पण सातारा जिल्हा बघा. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे 6000 मिलिमीटर पाऊस. त्याच जिल्ह्यात शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात जेमतेम 500. पावसाळा जवळ आला की भिंतींवर गवताच्या तट्ट्या बांधायची महाबळेश्वरची जुनी रीत. जांभ्याच्या भिंती, उताराची छपरं, पुढे आलेल्या पागोळ्या. माणमध्ये जाड भिंत, लहान खिडकी आणि अंगणातलं एक कडुलिंबाचं झाड. या दोन्ही ठिकाणी एकच नकाशा पाठवायचा: सपाट स्लॅब, त्यावर कोबा, दोन फुटांचा छज्जा. एकीकडे जुलैत भिंतीला बुरशी, दुसरीकडे एप्रिलमध्ये वॉर्डात बसवत नाही. सांगलीतही तेच: शिराळा एका टोकाला, जत-आटपाडी दुसऱ्या. मग दोन्हीकडे लोक स्वतःच आर्किटेक्ट होतात. एकीकडे वर पत्र्याची शेड चढते, दुसरीकडे खिडक्यांना पोतं. सरकारी इमारतीवर पत्र्याची शेड दिसली, की समजा, खालच्या नकाशात काहीतरी राहिलं होतं.

म्हणजे टाइप प्लॅनवर सही करणं गैरवर्तन आहे का? नाही, कुठल्याही चौकशीत तसं ठरणार नाही. पण 'ही जागा कुठली, पाऊस किती, वारा कुठून' हे न विचारता ती सही खाली मारणं याला चांगल्या दर्जाची सेवा म्हणता येणार नाही, आणि चांगल्या दर्जाची सेवा हा विनियमांतला शब्द आहे.

पाण्याची आणि धरणीकंपाची गोष्ट याहून कडक. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनेचा भूकंप. सुमारे 180 माणसं गेली, पाटण तालुक्यात मातीत बांधलेल्या दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. त्याआधी दख्खनचं पठार म्हणजे अढळ, इथे भूकंप व्हायचा नाही, असा शिकल्यासवरल्यांचाही समज होता. 1970 मध्ये भूकंपाच्या भारतीय मानकातले प्रदेश नव्यानं आखले गेले. त्यानंतर कऱ्हाड-पाटणच्या बाजूला काढलेल्या प्रत्येक सरकारी नकाशाची जबाबदारी वेगळी झाली. 'आपल्याकडे असं होत नाही' हे वाक्य त्या पहाटेनंतर कुणा आर्किटेक्टनं उच्चारायचं कारण उरलं नाही. तरी ते मी ऐकलं आहे, तेही जागेवर, कॉलममधल्या रिंगांचं अंतर मोजताना.

सांगलीत तर पुराचं पाणी फुटांत मोजतात. ऑगस्टमध्ये इथे 'काय चाललंय' विचारत नाहीत, 'किती फूट' विचारतात. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका, आणि 2019 मध्ये 57 च्याही वर. पूल 1929 चा. तेव्हापासून त्याच्यावरचे आकडे हे या गावाचं पंचांग झालंय. 2005 झालं, 2019 झालं, 2021 झालं. नकाशावर नदीकाठानं दोन रेषा असतात: निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधायचं नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधायचं तर जोतं लाल पातळीच्या वर. नियम इतका सरळ. पण दर पुरानंतर कुणीतरी म्हणतं, रेषा पुन्हा तपासून घ्या, जरा नदीकडे सरकवता येते का बघा. प्लॉटवाला म्हणतो, नगरसेवक म्हणतात, कधी सरकारी खातंही म्हणतं, कारण फुकट मिळालेली सरकारी जागा नेमकी ओढ्याच्या तोंडाशी असते. अशा वेळी सरकारी आर्किटेक्टनं काय करायचं हे विनियमांत स्पष्ट लिहिलेलं नाही. पहिल्या कलमातून ते ज्यानं त्यानं काढायचं. माझं उत्तर एवढंच: पातळी फुटांत लिहायची, नकाशावरच, सहीच्या शेजारी. 'पुराचा विचार करण्यात आला आहे' असं वाक्य लिहायचं नाही. विचार काय, सगळेच करतात.

पैशाचा विषय टाळला तर घरी जाताना तुम्ही म्हणाल, म्हातारा चलाख निघाला. विश्वेश्वरय्यांच्या दोन मेणबत्त्यांची (सरकारी कामाला सरकारी, घरच्या कामाला स्वतःची) गोष्ट मी सांगणार नाही. ती सांगणाऱ्या बऱ्याच जणांची स्वतःची मेणबत्ती मी पाहिली आहे. आपल्याच मातीतला साक्षीदार आणतो. महात्मा फुल्यांचं मूळ घराणं कटगुणचं, खटाव तालुक्यातलं. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामात होते. 1873 च्या 'गुलामगिरी'त त्यांनी इंजिनियर खात्यातल्या नोकरदारांच्या कारभारावर एक पोवाडाच घातला आहे. खात्याला आतून ओळखणारा ठेकेदार त्यावर कवन करतो, हे मराठीत दीडशे वर्षांपूर्वी घडलंय. 'टक्केवारी' हा आपल्या पिढीचा शोध आहे, असं वाटत असेल तर ते विसरा.

आणि हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. इंग्लंडात यॉर्कशरमध्ये पाँटफ्रॅक्ट नावाचं आपल्या विट्यासारखं गाव आहे. तिथल्या जॉन पोल्सन या आर्किटेक्टनं 1960 च्या दशकात युरोपातल्या मोठ्या कार्यालयांत गणना होईल एवढा पसारा वाढवला. नगरपालिकांची घरं, इस्पितळं, पोहण्याचे तलाव. कामं कशी मिळायची? नगरसेवकांना सल्लागार म्हणून मानधन, अधिकाऱ्यांना सहली. स्कॉटलंडच्या प्रशासनातल्या एका बड्या अधिकाऱ्याला तर राहतं घर आणि मोटार. पोल्सनचं दिवाळं निघालं आणि सुनावणीत कागद बाहेर आले. 1972 मध्ये गृहमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांना पायउतार व्हावं लागलं, 1974 मध्ये पोल्सन तुरुंगात गेला. मला यातलं एक खटकतं: एकेक भेट सुटी बघितली तर ती साधी वाटते. आपल्याकडच्या दिवाळीच्या काजूकतलीच्या खोक्यासारखी. विनियम म्हणतात, काम मिळवण्यासाठी सूट, कमिशन, भेट देऊही नये, घेऊही नये. माझ्या पहिल्या दिवाळीला आलेलं खोकं मी परत पाठवलं, तेव्हा आमच्या शिपायाला वाईट वाटलं. ते त्यालाच मिळायचं, अशी तिथली रीत होती.

नोकरीत राहून बाहेरची कामं करणं हाही जुना रोग. नियमानं परवानगीशिवाय बंदी, म्हणून नकाशावर नाव बायकोचं, मित्राचं, भाच्याचं. त्याचाच जुळा भाऊ म्हणजे सही भाड्यानं देणं: आरेखक नकाशा काढतो, नोंदणीवाला न बघता सही ठोकतो, नकाशामागे दर ठरलेला. छोट्या भूखंडांना तज्ज्ञाच्या दाखल्यावर झटपट परवानगी देण्याकडे शासनाचा कल आहे, डिसेंबर 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनं तीच वाट धरली. लोकांचे हेलपाटे त्यानं वाचतात, चांगलंच आहे. पण दाखल्याची किंमत वाढली की भाड्याच्या सहीचीही वाढते. तिसरी गंमत निविदेची. विनियम सांगतात, फी उतरवून दुसऱ्याशी स्पर्धा करू नका, ठरलेल्या स्पर्धेशिवाय फुकट डिझाइन काढून देऊ नका. आणि सार्वजनिक संस्थेची निविदा सांगते, सगळ्यांत कमी फी लिहा, सोबत संकल्पचित्र जोडा. सल्लागार निवडायचा आणि सिमेंट विकत घ्यायचं, दोन्हीला एकच तराजू. तरुण मुलं मला विचारतात, सर, पाळायचं कोणतं? इथल्याच बिरनाळे आर्किटेक्चर कॉलेजमधून बाहेर पडून नुकतंच ऑफिस थाटलेल्या पोराला 'निविदा भरू नकोस' असं सांगायची माझी छाती होत नाही. खातं आणि परिषद यांनी समोरासमोर बसून हे सोडवायला हवं, पोराच्या डोक्यावर टाकून नव्हे.

आता मी टाळत आलेली गोष्ट.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. एका तालुक्याच्या गावी रुग्णालयाची इमारत. गाव सांगत नाही. जोतं दीड फूट उंच, म्हणून प्रवेशाशी रॅम्प. रॅम्पचा उतार बाराला एक, म्हणजे दीड फूट चढायला अठरा फूट लांबी. मी नकाशात अठरा फूट काढली आणि मला त्या रॅम्पचा थोडा अभिमानही होता, कारण तेव्हा बरेच जण तो काढतच नसत. बांधताना पुढे अॅम्ब्युलन्सचा पोर्च मोठा करायचं ठरलं, रॅम्पला उरली आठ फूट जागा. तेवढ्यात बसवला. आठ फुटांत दीड फूट, म्हणजे साधारण पाचाला एक. मग पूर्णत्वाचा नकाशा माझ्याकडे आला. त्यात रॅम्प अठराच फूट होता.

फोन आला, "साहेब, उद्घाटनाची तारीख ठरलीय, मंत्रीमहोदय येतायत, तेवढी सही." मी म्हटलं, रॅम्पचं काय? "ते नंतर करू. मोठ्या साहेबांनीच सांगितलंय." नोकरीच्या नियमांत, अगदी तिसऱ्या नियमात, लिहिलंय: आपल्या विवेकानं वागा, वरिष्ठाच्या सांगण्यावरून वागायचं तर ते लेखी घ्या, तोंडी असेल तर लवकरात लवकर लेखी करून घ्या. हा आपल्याकडचा सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी वापरलेला नियम असावा. मी म्हटलं, मग लेखी पाठवा. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "लेखी कशाला? आपण घरचीच माणसं."

मी सही केली. काढलं कोणी, तपासलं कोणी, दोन्ही रकान्यांत. हात अजिबात थरथरला नाही.

पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या कामासाठी तिकडे गेलो होतो. दारात एक माणूस आपल्या आईला चाकाच्या खुर्चीतून आत नेत होता. सरळ ढकलून खुर्ची चढेना. त्यानं ती उलटी फिरवली आणि पाठमोरा होऊन ओढत नेऊ लागला. म्हातारीनं दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले होते, आणि तोंड बाहेर रस्त्याकडे, आमच्याकडे. ती गेल्यावर मी उताराच्या पायथ्याशी बसलो. कोटा फरशीवर पांढरे ओरखडे होते. उतार उभा असला की सुरुवातीलाच खुर्चीची पाय ठेवायची पट्टी जमिनीला घासते, त्याचे. बरेच होते, काही जुने, काही ताजे. अर्धवर्तुळासारखे, एकमेकांवर चढलेले.

परत आल्यावर नस्तीवर टिपणी लिहिली. माझ्या सहीच्या नकाशात उतार बाराला एक दाखवला आहे, जागेवर तो पाचाला एक आहे, दुरुस्ती व्हावी. नस्ती वर गेली, महिनाभर फिरली आणि एका ओळीचा शेरा घेऊन परत आली: 'सही करतेवेळी ही बाब निदर्शनास का आणली नाही?'

प्रश्न चोख होता. ज्यांनी मला तोंडी सांगितलं होतं, त्यांच्यापैकी कोणाचं नाव कागदावर नव्हतं, आणि ते मीच लेखी न घेतल्यामुळे नव्हतं. उत्तरात सबबी लिहायला पान पुरलं नसतं. आदेश तोंडी होता, उद्घाटन होतं, वेळ नव्हता. तसं एक मोठं पत्र मी लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्या दिवशी शेऱ्याखाली लिहिलं: 'आणली नाही. चूक माझी. रॅम्प दुरुस्तीचा नकाशा सोबत जोडला आहे.' सरांनी सांगितलेली ती थरथर त्या दिवशी कळली.

ताकीद मिळाली, ती सेवापुस्तकात आहे. रॅम्पही झाला, दोन वर्षांनी. सरळ अठरा फुटांना जागा नव्हतीच, म्हणून भिंतीलगत वळवून नेला, मधे पाच फुटांचा विसावा, दोन्हीकडे कठडा. गेल्या महिन्यात जाऊन आलो. कठड्यावर कुणीतरी लुगडं वाळत घातलं होतं, विसाव्यावर एक माणूस डबा खात बसला होता. जुन्या रॅम्पच्या पायथ्याची हातभर फरशी उखडायची राहून गेली आहे. त्यावरचे ओरखडे अजून दिसतात, बोट फिरवलं तर लागतातही.

लाइट आलेली दिसते. कुणाला काही विचारायचं असेल तर बसून बोलू.